साहेबांच्या बॅटचा सरस

शनिवारची सकाळची शाळा आटोपून सत्यशीला घरी आली आणि कुंपणाजवळच थबकली. घरात काहीतरी मेलं होतं. उंदीर असावा म्हणावं, तर एवढा वास उंदराच्या सात पिढ्यांनी मिळूनही सोडला नसता. पदर नाकाला लावून ती स्वयंपाकघरात शिरली. तिचा नवरा हरिदास चुलीपुढे बनियनवर उकिडवा बसला होता आणि चुलीवर तिचा दुधाचा गंज होता. गंजात काकवीसारखं तपकिरी, चिकट काहीतरी रटरटत होतं. हरिदास त्यात काडी फिरवत होता, खीर ढवळावी तशी, मन लावून.

“हे काय शिजवून राह्यले तुमी?”

“सरस. साहेबाची बॅट जोडाची आहे.”

“माह्या दुधाच्या गंजात?”

“दुसरं भांडं सापडलंच नाई मले. अन् जरा बाजूनं उभी राह्य, उजेड अडवू नको.”

सरस म्हणजे सुताराचा डिंक. जनावरांची कातडी, खुरं, हाडं उकळून उकळून आटवायची, की जे उरतं ते सरस. बाजारात त्याच्या वड्या मिळतात, दिसायला अगदी चिक्कीसारख्या. थंड असतात तोवर गरीब गाईसारख्या असतात. चुलीवर चढल्या की मेलेल्या गाईसारख्या.

बॅट मात्र थाटात होती. घडी केलेल्या गोधडीवर आडवी निजवलेली, खाली सत्यशीलाचा धुतलेला टॉवेल अंथरलेला. एवढी सरबराई या घरात बाळंतिणीचीही झाली नव्हती. कचेरीचे साहेब पुण्याकडून बदलून आले तेव्हा ट्रंका, कुत्रा आणि ही बॅट घेऊन आले होते. आपण वर्ल्ड कप जिंकलो त्याला दोन वर्षं झाली होती, आणि धानोऱ्यातली सागवान फळीची बॅट हातात धरणारी पोरंही ट्रान्झिस्टरला कान लावून हिंदीत कॉमेंट्री करत होती. त्या अख्ख्या तालुक्यात खरी बॅट होती ती ही एक. आता तिच्या पायथ्यापासून अर्ध्यापर्यंत चीर गेली होती आणि एक कपचा लोंबत होता.

चीर कशी गेली ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. मागच्या रविवारी साहेब पहिल्याच चेंडूवर आऊट झाले. पंच म्हणून कचेरीतलाच शिपाई उभा होता. बिचाऱ्यानं दोनदा चेंडू परत टाकायला लावला, पण तिसऱ्या वेळी दांडीच उडाली, मग त्याचाही इलाज चालेना. साहेब तणतणत बाहेर आले आणि त्यांनी मोहाच्या मुळावर बॅट हाणली. सगळी टीम दुसरीकडे बघायला लागली. साहेबांचा राग म्हणजे सरकारी राग, त्याला कोण काय बोलणार?

हरिदास त्या वेळी कुठे होता? तो नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात होता, चेंडू शोधत. कचेरीची टीम झाल्यापासून त्याचं ते कायमचं ठिकाण. वास्तविक साऱ्या कचेरीत बॅट धरता येत होती ती त्या एकट्याला. फळीच्या बॅटनं तो चेंडू शाळेच्या कौलांवरून पलीकडे घालत असे. लग्नाआधी सत्यशीलानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गडचिरोलीच्या मैदानात, आणि तिच्या मनानं तिथंच उचल खाल्ली होती. पण अकरांत मोठे बाबू होते, ज्यांना वाकता येत नव्हतं. साहेबांचा ड्रायव्हर होता, जो चेंडू आला की डोळे मिटायचा. हरिदास मात्र बारावा. का म्हणून, ते कोणी सांगत नव्हतं. न सांगताच सगळं व्यवस्थित चाललं होतं.

“साहेब म्हणाले, बॅट जोडून देल्ली तर उद्या पोलीस कॅम्पवाल्यांसोबत मॅच आहे, तिच्यात खेळवतो,” हरिदास म्हणाला. त्याचा चेहरा गंजातल्या वाफेनं आणि आनंदानं घामेजला होता.

“पण तुमालेच काऊन देल्ली? गावात सुतार नाई का?”

“सुतार म्हणाला, जोडल्यानं टिकणार नाई. म्हून मग मीच म्हटलं साहेबाले, माह्या बापाच्या हातचा सरस असा राहे का बंडीचं चाक मोडे, पण जोड नाई सुटे.”

सत्यशीला त्याच्याकडे बघतच राहिली. याला वेडा म्हणावं की खुळा? साहेबानं विचारलं नव्हतं, कोणी खोदून काढलं नव्हतं. यानं आपणहून, फुशारकीनं, बापाचं नाव घेऊन ती गोष्ट साहेबाच्या पुढ्यात नेऊन ठेवली होती. जी सोडताना या घरानं आयुष्य पणाला लावलं, ती.

तिनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. अंगणात मांडवाखाली सासू अंजनाबाई बसली होती. घराकडे पाठ करून. तिच्यापुढे भाकरीचं ताट झाकलेलं तसंच होतं.

“बाई, जेवल्या नाई?”

“त्याले विचार,” अंजनाबाई म्हणाली. मान वळवली नाही. “मी त्या चुलीवरचं खात नाई आज.”

अंजनाबाई आणि तिचा नवरा देवाजी छप्पन्न साली चांद्याला पायी गेले होते. दीक्षा घेऊन आले त्याच दिवशी देवाजीनं ढोर सोलायची सुरी आणि सरस उकळायची कढई कठाणी नदीत नेऊन टाकली. मेलेलं ढोर ओढणार नाही, सोलणार नाही, त्याच्या कातड्याला हात लावणार नाही. एवढंच ठरवलं, पण ते गावाला एवढं झोंबलं की विचारू नका. देवाजी मरून गेला. त्याचा मुलगा शिकला, कचेरीत चिकटला, पँट-बुशकोट घालू लागला. आणि आज तो त्याच आईच्या घरात, सुनेच्या दुधाच्या गंजात, चव घेतल्यासारखी काडी फिरवत बसला होता.

 गंज उचलून उकिरड्यावर ओतावा असं सत्यशीलाच्या हाताला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात चोर होता. तिलाही तो खेळायला हवा होता. वर्षभर रविवारी संध्याकाळी बेशरमाच्या चिकानं डागाळलेला शर्ट धुताना तिनं साहेबाच्या नावानं बोटं मोडली होती. उद्या तो पॅड बांधून मैदानात उतरणार होता. तेवढ्यासाठी ती सासूजवळ जाऊन बसली.

“एक डाव खेळू द्या त्यायले, बाई. मग मीच चुलीत घालतो तो सरस.”

अंजनाबाईनं झाकलेलं ताट हातानं दूर सारलं. मग म्हणाली, “तुह्या घरात तू पाह्य.”

हे ‘हो’ नव्हतं. पण सत्यशीलानं ते ‘हो’ धरून चालवलं.

हरिदास कामाला लागला होता. त्यानं आधी काय केलं, तर टोरीच्या तेलाचा डबा काढला. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल त्या भागात भाजीला, अंगाला, बंडीच्या आखाला, दुखऱ्या गुडघ्याला, सगळ्याला चालतं. त्यामुळे ते बॅटलाही चालतं, असं हरिदासनं ठरवून टाकलं. बॅटला तेल पाजतात एवढं त्यानं ऐकलेलं. कोणतं, कुठे आणि कधी, ते ऐकायच्या आतच त्याला बेशरमात चेंडू आणायला धाडलं असावं. त्यानं बोळ्यानं तेल चोपडलं, चिरेत तर ओतलंच.

“तेल पेलेल्या लाकडाले सरस धरन का?” सत्यशीला म्हणाली.

“तुले काय समजते बॅटीतलं?”

“बॅटीतलं नाई समजत. तेलातलं समजते.”

“लाकूड मऊ पडते त्याच्यानं. अंदर वरपर्यंत सरस जाते.”

आता याच्यापुढे डोकं फोडून काय उपयोग? त्यानं चिरेत गरम सरस भरला, कपचा दाबला, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळल्या आणि वर पाटा ठेवला. तिचा मसाल्याचा पाटा! बोटाला लागलेला सरस त्यानं चड्डीला पुसला, चुलीच्या कडेला पुसला, दाराच्या चौकटीलाही पुसला. त्या दिवशी घरात जिथं हात लावावा तिथं बोट चिकटत होतं. सत्यशीलानं वरण खाल्लं, तर वरणालाही तोच वास. तिनं ताट बाजूला सारलं.

रविवारी शाळेच्या मैदानात कॅम्पवाले शिपाई पांढरे बनियन घालून आले होते. साहेबांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बायामाणसं मोहाच्या सावलीत, खुर्च्यांच्या मागे बसली. सत्यशीला मुद्दाम पुढे बसली होती. हरिदासच्या पायात पॅड होते, एकाचा पट्टा तुटलेला, तो सुतळीनं बांधलेला. पण होते. वास सोडला तर तो अगदी नवरदेवासारखा दिसत होता.

कॅम्पचे अधिकारी साहेबांच्या शेजारी बसले होते. त्यांनी बॅट उचलून न्याहाळली. “बेमालूम जोडलीय की. इथं कोणी कारागीर आहे?”

“हा काय, उभा आहे,” साहेब म्हणाले. हातातल्या रुमालानं त्यांनी नाक झाकलं होतं, बॅटच्या वासानं. “आमचा हरिदास. याच्या वडिलांचा धंदाच तो. मेलेली ढोरं, कातडी, सरस. कितीही शिकले ना, तरी ते हात विसरत नाहीत. यांच्या रक्तातच असतं.”

हे बोलताना साहेबांच्या आवाजात तिरस्कार नव्हता. कौतुक होतं! तेच जास्त ओकारी आणणारं होतं. आणि हरिदास काय म्हणाला? हरिदास हसला. सगळे दात दाखवून, मान किंचित वाकडी करून हसला आणि म्हणाला, “हो साहेब.”

 साहेबाचं सत्यशीलाला काही वाटलं नाही. साहेब तो साहेबच, कारल्याला साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. पण हा? या हसण्याला ती ओळखत होती. तिच्या शाळेत पाटलाच्या पोराचा मार चुकवायला एखादं पोरगं असंच हसायचं, आणि तेव्हा ती त्या पोराला वर्गाबाहेर नेऊन सांगायची की हसू नको, मार खा. आता हिच्या घरचंच हसत होतं.

मग तो खेळला. ते मात्र नाकारता येत नाही, चांगलाच खेळला. पहिला चेंडू त्यानं नुसता अडवला. दुसरा बेशरमाच्या पार घातला आणि आणायला मोठ्या बाबूंचा मुलगा धावला. कॅम्पचा उंचापुरा शिपाई दात-ओठ खाऊन टाकत होता आणि हरिदास पाऊल पुढे टाकून, जसं घरच्या पडवीत उभं राहावं तसं, निवांत मारत होता. टाळ्या, शिट्ट्या. शेजारची नीलाबाई, पोस्टमनची बायको, सत्यशीलाला ढोसून म्हणाली, “काऊन वो बाई, पाहून नाई राह्यली? तुहाच नवरा होय ना?” सत्यशीला जमिनीकडे बघत होती. ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली तो समोर चालला होता आणि तिला वर मान करवत नव्हती.

जिंकायला दोन धावा हव्या होत्या. हरिदासनं चेंडू उचलून मारला, तो गेला, आणि त्याच्यामागे बॅटचा कपचाही गेला. सरस तेलावर बसला होता, लाकडावर नव्हेच. कचेरी जिंकली. पोरांनी हरिदासला खांद्यावर घेतलं. साहेब खुर्चीतून उठून आले ते थेट कपच्यापाशी गेले आणि तो उचलून बघत राहिले. सत्यशीला तेवढ्यात घराकडे निघाली होती.

उन्हं कलल्यावर हरिदास आला. सायकलच्या कॅरिअरवर एक गोणपाटाचं पोतं बांधलेलं होतं. पोत्याच्या बुडाशी ओल होती आणि भोवती माश्यांचा घोंगाट. तो स्वतः मात्र रंगात होता.

“माय! जिंकवली मी मॅच! सगळ्यायनं खांद्यावर घेतलं मले!”

“पोत्यात काय आहे?” सत्यशीलानं विचारलं.

हरिदासची नजर जरा इकडेतिकडे झाली. “काई नाई. साहेब म्हणाले, बाजारच्या सरसात दम नसते. बापासारखा घरीच उकळ म्हणे. नाल्यापलीकडं बैल पडला होता, त्याचं थोडंसं मागवून देल्लं त्यायनं. खुरं अन् कातडं. बॅट अन् कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या, दोन्ही जोडाच्या आहेत. पुढच्या मॅचले पहिल्या नंबरवर खेळवतो म्हणाले.”

“अन् तुमी घेतलं?”

“मग काय म्हणू? तेल मीच पाजलं होतं, माहीच चूक होती. सांगू का त्याले?”

अंजनाबाई मांडवाखालून उठली. गुडघ्यावर हात देत देत सायकलीपाशी आली, पोत्याकडे बघितलं. नाकाला पदर लावला नाही.

“हरिदास, तू पोटात होता तेव्हाची गोष्ट आहे,” ती म्हणाली. “तुह्या बापानं काम सोडलं म्हून मालगुजारानं मेलेला बैल आणून आपल्या दारात टाकला. म्हणे, पाहू किती दिवस उचलत नाई. उन्हाळा होता. बैल फुगला, फुटला, किडे दारातून अंदर आले. आमी जेवलो तर वकलो. मी तुह्या बापाले म्हटलं, उचला जी, पोटातलं लेकरू मरन माह्यं. तो म्हणाला, मेलं तरी चालन, उचलत नाई. गिधाडं येऊन खाऊन गेले, पण तुह्या बापानं हात लावला नाई.” ती थांबली. “त्यायले तो दारात टाका लागला होता. तू तर सायकलीवर बांधून आणला.”

एवढं बोलून ती घरात गेली आणि लुगड्याचं गाठोडं बांधू लागली. जिवती गावाला तिची मुलगी होती, रंभा. तिच्याकडे जाते म्हणाली.

हरिदास सायकल धरून उभा. त्याच्या तोंडावरची विजयाची झळाळी उतरली होती, पण पूर्ण नाही. “माय उगाच करून राह्यली,” तो पुटपुटला. “जमाना बदलला आता. सरसच तर होय. सुतारही करते.”

“मले सरसाची किळस नाई आली,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि कुंपणापलीकडे नीलाबाई ऐकते आहे याची तिला पर्वा नव्हती. “गंज मी राखेनं घासला, निघाला. मले किळस आली तुमच्या हसण्याची. तो तुमच्या बापाले, रक्ताले बोलून राह्यला अन् तुमी दात दाखवून राह्यले. तुमाले ऐकू नाई आलं का?”

“आलं ना!” हरिदास एकदम ओरडला. सायकल डगमगली, पोतं कलंडलं, माश्या उठल्या. “तुले काय वाटते, मी बहिरा आहो? हसलो नसतो तर बॅट हातात देल्ली असती का त्यानं? वर्षभर बेशरमात फिरलो मी. एक डाव पायजे होता मले. म्हून हसलो.” त्याचा श्वास लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “खेळत होतो ना, तेवढ्या वेळ मी कोणाचाच कोणी नव्हतो, शीला. फक्त चेंडू येऊन राह्यला होता.”

सत्यशीलाला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती आणखीच चिडली.  घरातून गाठोड्याची गाठ करकचून मारल्याचा आवाज आला. हरिदासनं तो ऐकला. त्यानं कॅरिअरवरचं पोतं सरळ केलं, पुन्हा दोरी आवळली आणि सायकल वळवली.

“कुठी चालले?”

“ये संगं,” तो म्हणाला. “एकट्यानं गेलो तर पुन्हा हसन मी.”

साहेब क्वार्टरच्या व्हरांड्यात चहा घेत होते. बॅटचे दोन तुकडे स्टुलावर ठेवलेले. पोतं पाहताच त्यांनी रुमाल काढला.

“अरे, हे इकडे कुठं आणलंस? घरी ने, घरी.”

“वापस आणलं, साहेब.” हरिदासनं पोतं पायरीपाशी उतरवलं.

“का? येत नाही की काय तुला? कालपर्यंत तर वडिलांच्या गोष्टी सांगत होतास.”

सत्यशीला फाटकाशी उभी होती. वाट सोपी होती. येत नाही म्हणायचं, मान वाकडी करायची, हसायचं आणि सुटायचं. साहेबही हसले असते, म्हणाले असते, शिकून घे हळूहळू. आणि पुढचा रविवार शाबूत राहिला असता. हरिदासचे ओठ हललेही. तिनं फाटकाचा गज घट्ट धरला.

“येत होतं आमच्या घरी,” हरिदास म्हणाला. आवाज चिरकला, त्यानं खाकरून पुन्हा म्हटलं. “चांगलं येत होतं. सोडलं आमी ते.”

साहेबांना काही उमगलं नाही. ते खरोखरच गोंधळून त्याच्याकडे बघत होते. “सोडलं म्हणजे? अरे, मग बॅटचं काय? अकरांत घेतलंय मी तुला. रविवारचं काय?”

हरिदासनं स्टुलावरच्या बॅटकडे पाहिलं. ज्या मुठीला आज दुपारी त्याचे हात होते, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“तेही सोडलं, साहेब,” तो म्हणाला आणि सायकल घेऊन फाटकाकडे आला.